कंबरेचा पट्टा कोणाच्या सोयीसाठी?

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत सुटे भाग उचलता उचलता कंत्राटी कामगाराची कंबर धरते, तेव्हा त्याच्या वाट्याला काय येते? कंबरेला पट्टा, ट्रॅक्शन, एखादे इंजेक्शन, आणि उद्या कामावर हजर व्हा!

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये, दुसऱ्या कोणत्या आजारामुळे नसलेल्या जुनाट कंबरदुखीसाठी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पट्टा आणि ट्रॅक्शन सर्रास वापरू नका, अफूजन्य औषधे देऊ नका. रुग्णाला दुखणे समजावून सांगा, व्यायाम शिकवा, असे त्यात बजावले आहे. म्हणजे आमच्या कामगाराने पदरमोड करून घेतलेला पट्टा तिथे बाद ठरतो.

पण संस्था मोठी म्हणून तिचा कागद आम्ही डोळे झाकून का मानावा? याच संघटनेला वेदनाशमनाबाबतची २०११ आणि २०१२ ची मार्गदर्शके २०१९ साली मागे घ्यावी लागली. अफूजन्य औषधांच्या कंपनीचा त्यांवर प्रभाव असल्याचा ठपका अमेरिकन काँग्रेसच्या दोन सदस्यांच्या अहवालात होता. अशा मार्गदर्शकांची पारख करण्यासाठी ‘अ‍ॅग्री-२’ नावाची २३ मुद्द्यांची पद्धत आहे. पैसा कोणाचा, पुरावा कसा तपासला, हे ती विचारते. ज्यांच्यावर उपचार व्हायचे त्यांचे म्हणणे ऐकले का, आणि सांगितलेले प्रत्यक्षात कसे आणायचे, हेही विचारते. आम्हाला हेच दोन प्रश्न सर्वांत मोलाचे वाटतात.

कारण ही तत्त्वे उपचार सांगतात, असेंब्ली लाइनची उंची आणि वेग सांगत नाहीत. व्यायामाला वेळ कोण देणार? ठेकेदार? राज्य कामगार विमा योजनेत साधे आजारपण ठरले तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी. कामामुळे झालेली इजा ठरली तर तात्पुरते अपंगत्व असेपर्यंत ९० टक्के. व्यवसायजन्य रोगांच्या यादीत मात्र कंबरदुखीचे नावच नाही. ज्या विम्याचा अदारकर अहवाल १९४४ साली बाबासाहेबांच्या मजूर खात्याकडे आला, त्या विम्यात कामाने मोडलेली कंबर कामगाराचे खाजगी दुखणे ठरावी?

चिंचवडला मोहननगरच्या कामगार विमा रुग्णालयापासून सुरुवात व्हावी. रुग्ण कोणते काम करतो, किती वजन उचलतो, याची केसपेपरवर नोंद हवी. गरज असेल तिथे हलक्या कामाची लेखी शिफारस हवी. आणि उपचारांची तत्त्वे ठरवणाऱ्या समितीत कंत्राटी कामगारांचा प्रतिनिधी हवा.