फडातल्या पोरांचं वर्ष वाचवा

दसरा उलटला की सांगली-माधवनगरच्या परिसरात ऊसतोड टोळ्यांचे ट्रॅक्टर येऊ लागतात. भांडीकुंडी, शेळ्या, कोयते आणि वर बसलेली माणसं. कुणी बीडकडची, कुणी आपल्याच जिल्ह्यातल्या जत-आटपाडीची. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा टोळीचा हिशेब. सोबत आलेली शाळेच्या वयाची मुलं त्या हिशेबात नसतात. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात जातात, मग थोरली मुलगी पालावर धाकट्याला सांभाळते. गावाकडच्या शाळेत तिच्या नावापुढे गैरहजेरी लागत राहते आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत अर्धं वर्ष गेलेलं असतं.

हे वर्ष वाचवता येतं. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. 6 ते 14 वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं, असं तो सांगतो. जुन्या शाळेचा दाखला आला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही, म्हणून प्रवेश अडवता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. पण पालावरच्या आईला हे सांगणार कोण? मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायच्या घाईत असलेली ती माउली शाळा शोधत फिरणार नाही. शाळेनंच पालावर जायला हवं.

शिक्षकांची अडचणही खरी आहे. शिक्षकांची पदं 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतात आणि टोळ्या येतात त्यानंतर. म्हणजे मुलं इथं आणि त्यांच्यासाठीचा शिक्षक त्यांच्या गावाकडे. गळीत हंगामात पटाची दुसरी मोजणी व्हावी आणि जिथं मुलं वाढतील तिथं हंगामापुरता शिक्षक मिळावा, ही मागणी आपण जिल्हा परिषदेकडे लावून धरली पाहिजे.

हा मुलूख कर्मवीर भाऊराव पाटलांचा आहे. त्यांचं घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये ती साताऱ्याला नेली आणि तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. त्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. गरिबाच्या मुलाला अक्षरांआधी भाकरी आणि छप्पर लागतं, हे त्या दोघांना कळलं होतं. पोरं कामाला लागली तर बिघडलं कुठं, असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: कर्मवीरांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतलं काम शिकण्यासाठी होतं. फडातलं काम शिकणं हिरावून घेतं.

माधवनगर स्वतः गिरणी आणि यंत्रमागांच्या कष्टावर वाढलेलं गाव आहे. कामगाराच्या पोराची शाळा म्हणजे काय, हे इथं वेगळं सांगायला नको.

म्हणून शेतकरी बंधूंनो, तुमच्या रानात टोळी उतरली की मुकादमाला आधी मुलांबद्दल विचारा. कुठल्या टोळीचा तळ कुठं आहे, हे कारखान्याच्या चिटबॉयला ठाऊक असतं. त्यानं मुलांची यादी मुख्याध्यापकांच्या हाती द्यावी. कारखान्यांनी तळापासून शाळेपर्यंत गाडी द्यावी. उसाच्या वाहतुकीपुढे तो खर्च किरकोळ आहे. शाळा व्यवस्थापन समितीनं धाकट्या भावंडांना अंगणवाडीत घ्यायला लावावं, नाहीतर थोरली बहीण शाळेत येणारच नाही. या हंगामात तुमच्या शिवारातलं एकही पोर शाळेबाहेर ठेवू नका. पहिली टोळी उतरेल त्याच आठवड्यात पालावर जा.