धुराचा बाजारभाव

नायलॉन ६६ च्या धाग्याला लागणारे अॅडिपिक आम्ल नायट्रिक आम्लाच्या क्रियेने बनते. टनामागे सुमारे ३०० किलो नायट्रस ऑक्साइड सुटतो. पृथ्वी तापविण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट प्रभावी. उच्च तापमानाने वा उत्प्रेरकाने तो नष्ट करणे फारसे खर्चाचे नाही. कायद्याने सक्ती केली की काम भागते. परंतु क्योटो कराराखाली चीन व दक्षिण कोरियातील कारखानदारांनी वायू नष्ट केल्याची प्रमाणपत्रे विकून खर्चाच्या कितीतरी पट कमावले. घाण करणाऱ्यालाच झाडलोटीचे बक्षीस! २०१३ पासून युरोपीय संघाने ही प्रमाणपत्रे नाकारली. भारतातही २०२३ साली कार्बन-प्रमाणपत्रांच्या व्यापाराची योजना अधिसूचित झाली. असल्या वायूंना तिच्यात थारा नको, ही मागणी साथींनी आत्ताच लावून धरावी.