जुन्या पेठेचे सुशोभीकरण : तुमची जागा कागदावर आहे का?

जुन्या शहराच्या मध्यभागी तुम्ही हातगाडी लावत असाल, फुटपाथवर भाजी विकत असाल, भाड्याच्या खोलीत राहत असाल किंवा कारागिरी करत असाल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. अशा भागात 'वारसा विकासा'चे काम मंजूर झाले की आराखड्यात फरशी, दिवे, वेशी आणि वाहनतळ दिसतात. तिथे रोज बसणारी माणसे त्यात दिसतातच असे नाही. काम सुरू होण्याआधी तुमची नोंद झाली आहे की नाही, यावर पुढचे बरेच काही ठरते.

वारसा योजनांचा पैसा कुठे जातो?

केंद्र सरकारची 'हृदय' योजना २१ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली. अजमेर, अमृतसर, वाराणसी, पुरी, गया, द्वारका यांसह १२ शहरांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद होती. ३१ मार्च २०१९ रोजी तिची मुदत संपली. तीर्थक्षेत्रांसाठी पर्यटन मंत्रालयाची 'प्रसाद' योजना आहे. दोन्हींत निधी कामांसाठी मिळतो, कोणाच्या वैयक्तिक खात्यात येत नाही. त्यामुळे विक्रेता किंवा भाडेकरू म्हणून इथे अर्ज करता येत नाही. तुमचा हक्क दुसऱ्या कायद्यांतून आणि योजनांतून येतो.

अहमदाबादचे उदाहरण

१४११ मध्ये वसलेल्या अहमदाबादच्या जुन्या शहराला जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला. हा मान मिळवणारे ते भारतातले पहिले शहर. तिथल्या दगडी मशिदी आणि पोळांमधली कोरीव लाकडी घरे प्रसिद्ध आहेत, पण शहर जिवंत राहिले ते बाजारांमुळे. माणेक चौकात दिवसा सराफ बाजार चालतो आणि रात्री त्याच जागी खाण्याच्या गाड्या लागतात. या चौकातल्या भाजीवाल्या महिलांना बसायला जागा मिळावी म्हणून 'सेवा' ही संघटना १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयात गेली होती. म्हणजे पिढ्यानपिढ्यांची वहिवाट असूनही जागेसाठी लढावे लागले.

जुन्या घरांच्या जतनासाठी अहमदाबाद महापालिका वारसा यादीतल्या घरांच्या मालकांना हस्तांतरणीय विकास हक्क देते. मालक तो हक्क विकून दुरुस्तीचा खर्च भागवू शकतो. हा लाभ मालकाचा आहे, भाडेकरूचा नाही. तुम्ही भाडेकरू असाल तर भाडेपावत्या, वीजबिल आणि करार जपून ठेवा.

पथविक्रेत्यांना कायद्याने काय दिले आहे?

पथविक्रेता अधिनियम, २०१४ देशभर लागू आहे. त्यातल्या या तरतुदी लक्षात ठेवा :

• सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत आधीपासून बसणाऱ्या विक्रेत्यांना हटवता येत नाही.
• सर्वेक्षण नगर पथविक्रेता समिती करते. या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात आणि त्यांत किमान एक तृतीयांश महिला असतात.
• स्थलांतर करायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते.
• माल जप्त केल्यास त्याची यादी द्यावी लागते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा असतो. त्यासाठी ठरलेले शुल्क भरावे लागते.
• ५० वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारांना 'वारसा बाजार' घोषित करावे आणि तिथल्या विक्रेत्यांचे स्थलांतर करू नये, असे कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत म्हटले आहे.

शेवटचा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही, पण जुन्या पेठेसाठी तोच सर्वांत मोलाचा आहे. कायद्याच्या दृष्टीने देऊळ किंवा किल्लाच नव्हे, तर तुमचा बाजारही वारसा ठरू शकतो. मात्र बाजार किती जुना आहे, हे दाखवावे लागते. जुन्या पावत्या, दंडाच्या पावत्या, फोटो, वडीलधाऱ्यांच्या नावचे परवाने इथे कामी येतात.

कर्ज मिळाले म्हणजे जागा मिळाली का?

नाही. पीएम स्वनिधीतून आता १५,०००, नंतर २५,००० आणि ५०,००० रुपयांपर्यंत टप्प्याटप्प्याने कर्ज मिळते. वेळेवर फेडल्यास ७ टक्के व्याज अनुदान आहे. सर्वेक्षणात नाव नसेल तर पालिकेच्या शिफारस पत्रावरही अर्ज होतो. पण शिफारस पत्र हे विक्री प्रमाणपत्र नव्हे. कर्जाचे हप्ते नियमित फेडणाऱ्यालाही प्रमाणपत्र वेगळे मिळवावे लागते.

कारागिरांसाठी

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीला सुतार, गवंडी, पाथरवट, लोहार लागतात. हे सगळे पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत येतात. प्रशिक्षण काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज मिळते. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ घेता येतो. नोंदणी सीएससी केंद्रात होते.

आता काय करावे?

१. पालिकेत जाऊन सर्वेक्षण यादीत आपले नाव आहे का ते पाहा. नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.
२. समितीतले तुमचे प्रतिनिधी कोण, ते विचारा. आराखडा समितीपुढे मांडण्याची मागणी त्यांच्यामार्फत करा.
३. बाजार ५० वर्षांहून जुना असेल तर सर्वांनी मिळून वारसा बाजाराची मागणी करा. एकट्याच्या अर्जापेक्षा सामूहिक अर्जाला वजन असते.
४. घर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत असेल तर नवे बांधकाम करता येत नाही. दुरुस्तीसाठीही आधी परवानगी घ्या.

काम सुरू झाल्यावर जागेसाठी भांडणे अवघड जाते. म्हणून आराखड्याची चर्चा कानावर आली की त्याच आठवड्यात पालिकेत जा.