कॅमेऱ्याचे यम-नियम

गोव्यात भरणाऱ्या छायाचित्र-प्रदर्शनांत एक चित्र हटकून आढळते. पेडण्याचा किनारा, मावळता सूर्य आणि पाण्याच्या रेषेवर पद्मासनात बसलेली एक काळी आकृती. शेजारच्या परिचयपत्रकात हिमालय, वाराणसी, योगसाधना, अंतर्यात्रा असे शब्द असतात. चित्र देखणे असते यात शंका नाही. परंतु त्या आकृतीला चेहरा नसतो आणि तिच्यामागे गाव नसते. ते हरमलचे आहे की बाली बेटावरचे, हे सांगता येत नाही. अध्यात्म आणि छायाचित्रण यांचे नाते इतके स्वस्त नसावे, असे मला वाटते. व्यवसायाने डॉक्टर, रोज सकाळी अर्धा तास आसने करणारा आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन पेडणे-डिचोलीत हिंडणारा, अशा तिहेरी नात्याने हे मत मी मांडत आहे.

योग आणि छायाचित्र यांचा संबंध जुना आहे आणि तो आपल्या व्यवसायाच्या अंगणातूनच सुरू होतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. उड्डियान आणि नौली या क्रियांत पोटाच्या आत नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरणांचा आधार घेतला. क्ष-किरण चित्र हेही एका अर्थी छायाचित्रच. त्यात सूर्यास्त नव्हता, पण जिज्ञासा होती. पुढे १९६६ साली बी. के. एस. अय्यंगार यांचा योगावरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यातील सहाशेहून अधिक छायाचित्रे बंगळूरच्या जी. जी. वेलिंग यांच्या देखरेखीखाली घेतली गेली. याच वेलिंग यांनी १९४६ साली रमण महर्षींचे जे छायाचित्र काढले, ते आज असंख्य घरांत पूजेच्या जागी आहे. एकाच छायाचित्रकाराने एकदा शरीराची प्रत्येक रेषा स्वच्छ दाखवली आणि एकदा केवळ एका चेहऱ्यावरील शांती. दोन्ही ठिकाणी छायाचित्रकार स्वतः कुठेही दिसत नाही. मला ही खरी साधना वाटते.

आता पेडण्याकडे पाहू. आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यात पावसाळा सरला की योगशिबिरांचे फलक लागतात. दोनशे तासांत शिक्षक घडवणारे अभ्यासक्रम चालतात. मार्च-एप्रिलनंतर शिबिरे ओसरतात आणि मे महिन्याच्या अखेरीस किनाऱ्यावरील झोपड्या उतरवल्या जातात. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली ठरवलेला आणि २०१५ पासून साजरा होणारा योग दिन २१ जूनला येतो; त्या दिवशी हा किनारा ओस असतो आणि गावातला माणूस शेतात गुडघाभर चिखलात वाकलेला असतो. या शिबिरांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्यांतून कित्येकांची पाठदुखी बरी झाली आहे आणि गावात चार पैसेही आले आहेत. परंतु पेडण्याला योग समुद्रमार्गे आला, अशी जी समजूत चित्रांतून रूढ होते, ती चुकीची आहे. शेजारच्या बांद्याचे नाथपंथी संतकवी सोहिरोबानाथ आंबिये अठराव्या शतकात याच मुलखात वावरले, येथूनच उत्तरेकडे गेले आणि योगानुभव मराठी ओवी-पदांत ठेवून गेले. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. धारगळला २०२२ सालापासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र उभे आहे. त्यामुळे पेडण्यात योगाच्या शोधात येणाऱ्या छायाचित्रकाराने किनाऱ्याकडे पाठ करून चार-सहा मैल आत यावे, एवढीच अपेक्षा आहे.

आत आले की वाट डिचोलीला जाते, आणि ही वाट लोकमानसाने फार पूर्वीच आखून ठेवली आहे. सात बहिणींच्या कथेतील मोरजाई पेडण्यातील मोरजीची, लईराई डिचोलीतील शिरगावची, केळबाय मुळगावची, महामाया मयेची; आणि म्हापशाची मिराबाय आज मिलाग्रीस सायबीण म्हणून चर्चमध्ये नांदते. शिरगाव आणि म्हापसा यांच्यात उत्सवाच्या निमित्ताने तेल-फुलांची देवघेव होते. देवतांची ही भावंडे ज्याला माहीत नाहीत, त्याला मोरजीच्या वाळूत केवळ वाळू दिसेल. त्याच वाळूत सागरी कासवे अंडी घालायला येतात. रात्री दिव्यांचा झोत टाकून त्यांची छायाचित्रे घेतली, तर मादी अंडी न घालताच परतू शकते आणि पिल्ले दिशा चुकतात.

डिचोलीतील नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे मंदिर आहे. दिवाडी बेटावरील मूळ मंदिर पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव नदीपलीकडे आणला गेला. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली येथील मंदिराच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली, आणि अलीकडे २०२३ साली ते पुन्हा दुरुस्त होऊन भाविकांसाठी खुले झाले. हरवळ्याची लेणी आणि धबधबा जवळच. पण याच तालुक्यात लोखंडाच्या खाणींनी पोखरलेले डोंगर आहेत. २०१२ साली खाणी बंद झाल्या, काही वर्षांनी सुरू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या आणि त्यानंतर लिलावाच्या मार्गाने परतल्या. मंदिराचा कळस चौकटीत घेताना मागचा तांबडा, सोललेला डोंगर बाहेर ठेवणे छायाचित्रकाराच्या हातात असते. जो तो बाहेर ठेवतो, त्याच्या यात्रेला मी आध्यात्मिक म्हणणार नाही. ती केवळ सोयीची सहल होय. धुळीने खोकणारा माणूस माझ्या दवाखान्यात येतो, तेव्हा त्याच्या छातीच्या चित्रातून मला काही वगळता येत नाही.

वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावला लईराईची जत्रा भरते. हजारो धोंड आधी काही दिवस व्रतस्थ राहतात, वेगळ्या चुलीवर शिजवलेले सात्त्विक अन्न घेतात, तळीत स्नान करतात आणि हाती वेताची काठी घेऊन पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालतात. कॅमेऱ्याला हवे असतात ते शेवटचे काही क्षण. पण व्रत त्या क्षणांत नसते. ते आधीच्या दिवसांत असते. चुलीजवळ, तळीच्या काठी, थकून झाडाखाली टेकलेल्या म्हाताऱ्या धोंडाच्या पायांत ते असते. ३ मे २०२५ च्या पहाटे याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. अशा प्रसंगी मदतीच्या हातांआधी मोबाइलचे हात वर होतात, हा अनुभव तातडीच्या कक्षात काम केलेल्या प्रत्येक डॉक्टरला आहे. निपचित पडलेल्या माणसाचे चित्र त्याच्या घरी बातमी पोहोचण्यापूर्वी गावभर फिरते. याला कोणती कला म्हणावे?

पतंजलींच्या सूत्रांत आसनाला अवघी तीन सूत्रे आहेत आणि अष्टांगांत आसन तिसऱ्या क्रमांकावर येते. पहिले अंग आहे यम: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. छायाचित्रकाराची योगसाधना येथूनच सुरू व्हावी. कासवाच्या डोळ्यांवर दिवा न मारणे ही अहिंसा. मागचा डोंगर न लपवणे हे सत्य. माणसाचा चेहरा न विचारता न नेणे हे अस्तेय. एका फेरीत दोन हजार चित्रे साठवून त्यांतील कुणालाही एक प्रत न देणे, याच्या उलट जे असेल तो अपरिग्रह. ब्रह्मचर्याचा अर्थ मी येथे संयम एवढाच घेतो: प्रत्येक वेळी बटन दाबलेच पाहिजे असे नाही.

विचारून काढलेले चित्र कृत्रिम होते, असा आक्षेप जाणकार घेतील. त्यात तथ्य आहे. विचारताच माणूस ताठ उभा राहतो. पण आपल्याही तपासणीच्या टेबलावर रुग्ण आधी ताठच असतो. चार शब्द बोलल्यावर, हात ठेवल्यावर पोट सैल होते आणि मगच खरे निदान हाती लागते. वेळ देणे हाच त्यावरचा उपाय आहे. संदेश भंडारे यांच्या ‘वारी: एक आनंदयात्रा’मध्ये किंवा प्रबुद्ध दासगुप्ता यांनी गोव्यातील ख्रिस्ती समाजावर केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या कृष्णधवल पुस्तकात माणसे कॅमेऱ्याला घाबरलेली दिसत नाहीत. तेथे ओळख आधी झाली आहे आणि चित्र नंतर आले आहे. जत्रेचे दूरवरून घेतलेले विहंगम दृश्य काढण्यासाठी हजारोंची अनुमती मागावी, असे माझे म्हणणे नाही. एक चेहरा चौकटभर घेताना मात्र ती मागायलाच हवी.

आपल्याला हे नवे नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र त्याच्या अनुमतीविना प्रसिद्ध करणे निषिद्ध आहे. दवाखान्यात पाळतो तो नियम आपण सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवला की का विसरावा? वेदना झाकण्याचा हक्क जसा रुग्णाला, तसाच भक्ती झाकण्याचा हक्क भाविकाला आहे. दोघेही त्या घटकेला उघडे पडलेले असतात.

आपल्यात हौशी छायाचित्रकार पुष्कळ आहेत आणि संस्थांच्या स्मरणिकांना मुखपृष्ठेही त्यांच्याकडूनच मिळतात. म्हणून तीन साध्या सूचना करतो. चित्राखाली गावाचे आणि, संमती असल्यास, माणसाचे नाव द्यावे. चित्राची एक छापील प्रत त्या घरी पोहोचवावी. आणि अपघातस्थळी कॅमेरा खिशात ठेवून हात मोकळे ठेवावेत, कारण आपल्या हातांना तेथे दुसरे काम असते. एवढे पाळले, तर वर्षाकाठी दोन हजारांऐवजी वीस चित्रे हाती लागतील. त्या वीस चित्रांतल्या माणसांना आपणही ठाऊक असू आणि पुढच्या जत्रेला ती आपल्याला नावाने हाक मारतील.