शोभेचा डोळा

कुत्र्याच्या डोळ्याचा आकार ही निव्वळ शोभेची बाब आहे, असा निर्वाळा श्वानप्रदर्शनांच्या मांडवात वावरणाऱ्या एका जाणकारांनी नुकताच दिला. बदामी, गोल, तिरपा, ओघळलेला, सगळे माणसाच्या हौसेचे खेळ. आतला डोळा सगळ्यांचाच वाटोळा. शिवाय कुत्रं जगतं नाकावर. झाला युक्तिवाद! टाळ्याही पडल्या म्हणे.

आतला डोळा वाटोळाच असतो, कबूल. मग आपण आकार म्हणतो तो कशाचा? पापण्यांच्या फटीचा आणि मागच्या खोबणीचा. नेमकं तेच जाणकारांच्या नजरेतून सुटलं. दर उघडझापीला पापणी अश्रूंचा थर सारखा करते, धूळ कोपऱ्यात लोटते. तिच्याखालचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, अर्ध्या मिलिमीटरहून थोडाच जाड, त्यात रक्तवाहिन्या नाहीत; तो नितळ राहतो या ओलाव्यामुळे. त्यात कुत्र्याच्या खोबणीची कडा बाहेरच्या बाजूला हाडाची नसते, तिथे नुसता एक चिवट बंध असतो. लांब तोंडाच्या कुत्र्याचं तिथल्या हाडावाचून अडत नाही, कारण खोबण खोल असते. पगचं तोंड पिढ्यानपिढ्या चेपत नेलं तशी खोबण उथळ झाली, डोळा पुढे आला आणि पापण्या अपुऱ्या पडू लागल्या. असा पग गाढ झोपलेला असताना जवळ जाऊन बघा. पापण्यांच्या मध्ये एक चकाकती चीर उघडीच असते. ती रात्रभर सुकते, नाकावरच्या घडीचे केस तिला घासतात. मग व्रण, मग फूल. मानगूट जोरात ओढली तर डोळा खोबणीबाहेर निसटतो. पशुवैद्यांना हा प्रकार नवा नाही. इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2015 मध्ये मोजून दाखवलं, की चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना कॉर्नियाच्या व्रणाचा धोका इतरांच्या वीसपट असतो, आणि पापण्यांची फट दहा टक्क्यांनी रुंदावली की धोका तिपटीहून वाढतो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण इथे उलटली आहे. दळणारे चांगले डोळस आहेत, आंधळं होतंय ते कुत्रं.

प्रदर्शनांच्या मांडवातली हीच मंडळी कान-शेपट्या छाटण्याच्या वादातही शोभेच्याच बाजूने उभी होती. तेव्हा शेपूट निरुपयोगी होती, आता पापणी. पुढच्या वर्षी बहुधा पाय.

आता लातूरकडचा कारवान कुत्रा घ्या. निमुळतं डोकं, बदामी डोळे, घट्ट बसलेल्या पापण्या. सशाची शिकार आता कायद्याने बंद आहे, पण हा कुत्रा घडला त्याच कामासाठी. वाळल्या माळावरून तो सुसाट सुटतो तेव्हा गवताचे तुरे थेट त्याच्या डोळ्यांवर येतात. एक कुसळ पापणीआड शिरलं की डोळा जाऊ शकतो. दुसऱ्याच्या डोळ्यातली कुसळं वेचणाऱ्या जाणकारांनी हे खरंखुरं कुसळ पाहिलेलं दिसत नाही.

नाकाचं म्हणाल, तर ब्लडहाउंडचं नाक तल्लखच. पण लोंबत्या पापणीत धूळ साचून त्याचे डोळे लाल आणि चिपडलेले राहतात, ते नाकाने पुसता येत नाहीत.

आमच्या बाजूचेही काही उत्साही सांगतात, की बदामी डोळ्याला लांबचं दिसतं. साफ चूक. ते ठरतं आतल्या पडद्यावर. ऑस्ट्रेलियातल्या 2004 च्या अभ्यासात लांब नाकाच्या कुत्र्यांच्या दृष्टिपटलावर चेतापेशींचा आडवा पट्टा आढळला, तर आखूड नाकाच्यांत त्या मधोमध गोळा झालेल्या. पापणीचं काम राखणीचं, आणि तेवढं पुरे आहे.

आमचं मागणं लहान आहे. गुण देताना परीक्षकाने आकाराआधी पापणी पुरती मिटते का ते बघावं. ब्रिटनमध्ये पगच्या निकषात डोळा बाहेर आलेला नसावा आणि समोर बघताना पांढरा भाग दिसू नये असं आता लिहिलेलं आहे, म्हणजे हे अशक्य कोटीतलं नाही. पिल्लू घ्यायला जाल तर ते झोपेपर्यंत थांबा. विकणारा घाई करू लागला तर पैसे खिशातच ठेवा.