व्यवसायोपचाराची आंतरवासिता रुग्णाच्या उंबऱ्यापर्यंत न्या




वैद्यकीय प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की जागा, शुल्क आणि कटऑफ यांवर रकानेच्या रकाने छापून येतात. नीटच्या गुणांवर बीओटीएचला, म्हणजे व्यवसायोपचाराच्या पदवीला, मुलांना घालणारे पालकही तेवढीच चौकशी करतात. साडेचार वर्षांपैकी शेवटचे सहा महिने, म्हणजे आंतरवासितेत (इंटर्नशिपमध्ये), आपला मुलगा किंवा मुलगी कुठे आणि कुणाच्या हाताखाली काम करणार, हे सहसा कुणी विचारत नाही. या विषयात उभा जन्म गेल्यावर माझे मत असे झाले आहे की पदवीची खरी किंमत त्या सहा महिन्यांवर ठरते. आणि आज ते बहुतांशी चुकीच्या जागी घालवले जातात.

व्यवसायोपचाराचा संबंध माणसाच्या रोजच्या करण्याशी आहे. आंघोळ, कपडे, स्वयंपाक, लिहिणे, नोकरी, शेती, यांतले जे आजाराने किंवा अपघाताने अडले ते पुन्हा जमवून देणे हे त्याचे काम. मग ते जिथे करायचे ती जागा न पाहता हे शिकायचे कसे? रुग्णालयाच्या विभागात फरशी सपाट असते, टेबल योग्य उंचीचे असते, मदतीला हात असतात. अर्धांगवायू झालेल्या बाईंनी पेगबोर्डवर खुंट्या नीट बसवल्या की फाइलमध्ये प्रगतीची नोंद होते. त्याच बाई वस्तीवरच्या घरी परततात तेव्हा संडास अंगणापलीकडे असतो, त्याला दोन उंच पायऱ्या असतात आणि आत उकिडवे बसावे लागते. चूल जमिनीवर असते आणि भाकरी थापायला दोन्ही हात लागतात. ते घर कधीच न पाहिलेला विद्यार्थी त्यांना कमोड खुर्ची लिहून देतो, आणि ती संडासाच्या दारातून आत जात नाही.

हाताच्या दुखापतींचे तेच. कडबाकुट्टीत किंवा मळणी यंत्रात बोटे गेलेले शेतकरी, इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांवर हात सापडलेले कामगार आपल्याकडे नवे नाहीत. त्यांच्यासाठी स्प्लिंट मापून, कापून, गरम पाण्यात मऊ करून हातावर बसवायला विद्यार्थी शिकतो, आणि ते कसब मोलाचे आहे. पण धार काढताना हा माणूस तो स्प्लिंट काढून कुठे ठेवेल, मे महिन्याच्या उन्हात पडून राहिला तर त्याचा आकार टिकेल का, मुकादम त्याला हलके काम देईल का, हे प्रश्न विभागाच्या चार भिंतींत उपस्थितच होत नाहीत.

शाळांकडे पाहा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने 6 ते 18 वर्षांच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घराजवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. सेरेब्रल पाल्सी असलेले मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले की प्रश्न निघतात ते असे: वर्ग बस्करावर बसतो, मग याला कसे आणि कुठे बसवायचे? पोषण आहाराचे ताट तो कसा धरेल? मधल्या सुट्टीत त्याला लघवीला कोण नेईल? त्यांची उत्तरे त्या वर्गात बसून आणि गुरुजी-बाईंशी बोलूनच सापडतात.

मानसिक आरोग्यात ही उणीव अधिक बोचते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम 19 तिथल्या रुग्णालाही समाजात राहण्याचा हक्क देते. तो हक्क कागदावरून घरात उतरवायचा तर बरे झालेल्या माणसाला बँकेत जाणे, औषधाच्या वेळा पाळणे, बस पकडणे, कामावर टिकणे पुन्हा जमले पाहिजे. हे व्यवसायोपचाराचे मूळ क्षेत्र आहे. वॉर्डात कागदी पाकिटे करवून घेण्यावर विद्यार्थ्याचे प्रशिक्षण संपत असेल तर हे कोण करणार?

जागतिक व्यवसायोपचार महासंघाच्या किमान निकषांनुसार पदवीपूर्वी 1000 तासांचे प्रत्यक्ष कार्य आवश्यक आहे. आपली महाविद्यालये हा आकडा दाखवू शकतात. परंतु तेच निकष वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या गरजांच्या माणसांसोबत आणि निरनिराळ्या ठिकाणी काम करण्याची अपेक्षाही ठेवतात. 1952 साली हा महासंघ स्थापन करणाऱ्या देशांत भारत होता, आणि त्याच्या दोनच वर्षे आधी, 1950 साली, मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी देशातले पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले होते. निकषांतला आकडा पाळून आशय सोडून देणे आपल्याला तरी शोभत नाही. वेळापत्रकात ‘समुदाय’ असा रकाना असतो, हे मला ठाऊक आहे. पुष्कळदा तो एका दिवसाच्या शिबिराने, फलकासमोरच्या फोटोने भरला जातो.

यावर तीन आक्षेप ऐकू येतात. पहिला, आधी रुग्णालयातला पाया पक्का व्हावा. मान्य, त्यासाठी आधीची चार वर्षे आहेतच. दुसरा, तालुक्यात देखरेखीला व्यवसायोपचारतज्ज्ञ नसतो. हा आक्षेप खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात जिथे या व्यवसायाचा माणूस नाही अशा संस्थांतही विद्यार्थी पाठवतात. रोजची देखरेख तिथला जबाबदार कर्मचारी करतो आणि व्यावसायिक मार्गदर्शन बाहेरचा तज्ज्ञ ठरलेल्या वेळी करतो. आपल्याकडे जिल्हा रुग्णालय आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे शीघ्र हस्तक्षेप केंद्र यांना असे जोडून घेता येईल. तिसरा आक्षेप मुलींच्या राहण्याचा आणि सुरक्षिततेचा. तो सर्वांत गंभीर आहे, म्हणूनच निवास, प्रवासखर्च आणि जोडीने गृहभेटी ही संस्थेची जबाबदारी असावी. विद्यार्थिनीच्या वडिलांच्या खिशावर ती ढकलू नये. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी 2022मध्ये कुटुंब दत्तक कार्यक्रम लागू झाला. भावी डॉक्टरांना घरोघरी पाठवणे जमते, तर ज्यांचे कामच घराशी निगडित आहे त्यांना पाठवणे अशक्य कसे?

2021च्या कायद्याने आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला, त्यामुळे अभ्यासक्रम नव्याने घडवण्याची संधी आहे. म्हणून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आणि व्यवसायोपचाराच्या राज्य परिषदेकडे माझ्या चार मागण्या आहेत. आंतरवासितेचे किमान दोन महिने रुग्णालयाबाहेर, म्हणजे घर, शाळा, कारखाना व मनोरुग्णांचे पुनर्वसन केंद्र अशा ठिकाणी सक्तीचे करावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने काही रुग्णांचा पाठपुरावा दवाखान्यापासून घरापर्यंत करावा आणि त्याच्या मूल्यमापनात रुग्णाच्या कुटुंबीयांचे म्हणणे धरावे. बाहेरच्या मार्गदर्शकाला मानधन आणि प्रशिक्षण द्यावे. फुकट देखरेख ही नावापुरतीच राहते. आणि एमओटीएचच्या, म्हणजे पदव्युत्तर पदवीच्या, प्रबंधांपैकी ठरावीक वाटा समाजातल्या कामावर असावा, कारण उद्याचे शिक्षक तिथूनच येतात. ज्यांनी स्वतः ओपीडी सोडली नाही ते विद्यार्थ्यांना बाहेर नेणार नाहीत.

खर्च वाढेल, हे उघड आहे. पण घरी न चालणारा सल्ला देणारे पदवीधर दरवर्षी तयार करत राहणे त्याहून महाग पडते, आणि ती किंमत विद्यापीठ नव्हे, रुग्णाच्या घरची माणसे मोजतात. खासगी महाविद्यालयांना नव्या जागांची मान्यता देण्यापूर्वी त्यांनी रुग्णालयाबाहेरच्या प्रशिक्षणाची कोणती सोय केली, हे परिषदेने तपासावे आणि जाहीर करावे. पालकांना प्रवेश घेताना विचारायला मग एक नेमका प्रश्न मिळेल.

— एक निवृत्त व्यवसायोपचार शिक्षिका, नागपूर