वृत्तपत्र टाकणारा मुलगा : एका परंपरेचा हिशेब



एखादी परंपरा लोप पावली की काही जण हळहळतात, तर काही जण जुने गेले ते बरे झाले असे म्हणतात. तिचा हिशेब मांडणे मात्र याहून अवघड असते. अमेरिकेतील लहान गावांमधून जवळजवळ नाहीसा झालेला, घरोघरी वृत्तपत्र टाकणारा शाळकरी मुलगा या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे.

विसाव्या शतकात बराच काळ तेथील अनेक गावांत सायंदैनिके निघत. शाळा सुटल्यावर 12-13 वर्षांचा मुलगा अंकांच्या घड्या घालून पिशवीत भरी आणि सायकलवरून ठरलेल्या गल्ल्यांत ते टाकी. ठरलेल्या दिवशी तो दारोदार वर्गणी गोळा करी. कोणते आजोबा दोन शब्द बोलायला थांबवतात, कोण उधारी लांबवतो, हे त्याला ठाऊक असे. पुढे विख्यात गुंतवणूकदार झालेले वॉरन बफे यांनीही शाळकरी वयात वॉशिंग्टनमध्ये वृत्तपत्रे टाकली होती. साहजिकच हे काम म्हणजे स्वावलंबनाचा पहिला धडा, असा त्याचा गौरव झाला.

हा गौरव खरा असला तरी अपुरा आहे. हा मुलगा बहुधा पगारी नोकर नसे. तो प्रकाशकाकडून घाऊक दराने अंक घेई आणि ग्राहकाने पैसे बुडवले तर तोटा स्वतः सोशी. 1899 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर अंक विकणाऱ्या मुलांनी पुलित्झर आणि हर्स्ट यांच्या दैनिकांविरुद्ध संप केला, तो घाऊक दरासाठीच. दर उतरला नाही. न विकलेले अंक परत घेण्याचे तेवढे मान्य झाले. पुढे 1938 च्या कायद्याने बालमजुरीवर निर्बंध आणले, परंतु नंतरच्या दुरुस्तीने घरोघरी वृत्तपत्र पोचवणाऱ्या मुलांना त्यांतून वगळले.

नंतर सायंदैनिके बंद पडली किंवा सकाळी निघू लागली. 1982 मध्ये आयोवा राज्यात पहाटे अंक टाकायला निघालेला 12 वर्षांचा मुलगा बेपत्ता झाला आणि पालकांच्या मनांत भीती बसली. मोटारीतून अंक टाकणारे प्रौढ आले. वर्गणी परस्पर कार्यालयात जमा होऊ लागली. आता कित्येक गावांत अंक टपालाने येतो.

माझ्या मते, येथे दोन भिन्न गोष्टी एकदमच गेल्या. प्रकाशकाचा धोका मुलाच्या खांद्यावर टाकणारी व्यवस्था गेली. तिच्यासाठी हळहळण्याचे कारण नाही. परंतु गावातील मूल आणि नात्यागोत्याबाहेरची वडीलधारी माणसे यांची नित्याची ओळखही गेली. एकट्या वृद्धेच्या दाराशी कालचा अंक तसाच पडलेला पाहून शेजाऱ्यांना हाक मारणारे कोणी उरले नाही. ही हानी खरी आहे.

आपल्यापैकी अनेकांनी नोकरी आणि संसार सांभाळून शिक्षण पुन्हा हाती घेतले आहे. काहींनी लहानपणी वृत्तपत्रेही टाकली असतील. कष्टाने माणूस घडतो, असे आपण अनुभवाने म्हणतो. तसे म्हणताना त्या कष्टाचा लाभ कोणाला झाला आणि भार कोणी वाहिला, हेही विचारावे. आपल्या परिसरातील एखाद्या लोपलेल्या प्रथेला हाच प्रश्न विचारून पाहा. उत्तर कदाचित आपल्या आठवणींइतके गोड नसेल, पण ते अधिक न्याय्य असेल.